वरच्या वस्तीची खुर्ची

"वहिनी, एक सांगू? उद्या तिथे मला वन्सं म्हणू नका. मॅडम म्हणा."

हे मी फोनवर म्हणाले, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, वर-खाली कोणी नाही हे बघून. पलीकडे वहिनी हसल्या. "म्हणेन की. त्यात काय एवढं? मॅडम तर मॅडम." मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःचं कौतुकही वाटलं. एवढं अवघड बोलणं कसं चुटकीसरशी उरकलं मी! लाज वगैरे काही वाटली नाही तेव्हा. ती सगळी दुसऱ्या दिवशी एकदम वाटायची होती.

आमच्या शहराचे दोन तुकडे आहेत. नदीच्या अलीकडे खालचं शहर, पलीकडे टेकडीवर वरची वस्ती, मध्ये पूल आणि पुलावर पहारा. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात दोन्हीकडून गोळ्या चालल्या. आता तह झालाय, पण गॅसवर दूध ठेवल्यावर बाई जशी स्वयंपाकघर सोडत नाही, तशी सगळी माणसं कान देऊन असतात. माझा दादा वरच्या वस्तीत राहतो. वहिनी तिथल्या, लग्न केलं आणि हाही तिथलाच झाला. पंखे, मोटारी दुरुस्त करतो. लढाईत वरचं पाणी बंद पडलं तेव्हा कळशी घेऊन नदीवर उतरला आणि पायात गोळी घेऊन परत गेला. आता काठी लागते त्याला.

मी फोनवर ढसाढसा रडले. गेले मात्र नाही. आधी पूल बंद होता म्हणून, आणि पूल उघडल्यावर ऑफिसात काय म्हणतील म्हणून. नात्यातल्या माणसाला पुलावर अडवत नाहीत; वस्तीतल्या कुणी "ही आमची" एवढं म्हटलं की सोडतात. पण आमच्या पाणी खात्यात ज्याचं माणूस वर आहे त्याला सगळे 'वरचा' म्हणायला लागतात, आणि मग त्याच्या टेबलावरच्या फायली हळूच दुसऱ्याच्या टेबलावर जातात. त्यातून आमचे साहेब यंदा निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागेसाठी माझं नाव चाललेलं. त्यामुळे ऑफिसात मला भाऊच नव्हता. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "आहे एक, लांब असतो." लांब म्हणजे किती? आमच्या गच्चीवरून त्याच्या घराची पत्र्याची शेड दिसते.

माझं काम नियोजनाचं. उन्हाळ्यात पाणी कुणाला, किती, कुठून. आता पाऊस किती पडणार ते कुणाला ठाऊक नाही, आणि बंदुका परत निघणार की नाही ते तर बंदुकवाल्यांनाही ठाऊक नाही. म्हणून आम्ही एक योजना न करता चार करतो. फिल्टर हाउसच्या वरच्या हॉलमध्ये भिंतीवर चार मोठे कागद लावलेत. पहिला, पाऊस बरा आणि शांतता. दुसरा, पाऊस कमी आणि शांतता. तिसरा, पाऊस बरा पण भांडण. चौथा, पाऊसही कमी आणि भांडणही. चौथ्या कागदाकडे कुणी बघत नाही. चहाचे कपसुद्धा त्याच्याकडे पाठ करून पितात सगळे.

चौथ्या कागदावर असं होतं: वरच्या वस्तीला पाणी चढवणारे पंप पुलाच्या पायथ्याशी आहेत. गोळी सुटली की पंपावरचा माणूस पळणार, आणि त्याच संध्याकाळी वरचे नळ कोरडे. शिवाय गेल्या वेळी वरचा पाइप फुटला आणि खालच्या शहराचं पाणी त्या भोकातून नदीत गेलं. यावर दोन उपाय. एक, वरच्या वस्तीत शाळेच्या मैदानावर मोठी टाकी. शांतता आहे तोवर भरून ठेवायची, काटकसरीने महिनाभर पुरते. दुसरा, पुलाच्या अलीकडे एक झडप. भांडण लागलं की आपल्या बाजूने चाक फिरवायचं, वरचा पाइप बंद, खालचं पाणी खाली. दोन्ही कामं करता आली असती तर हे रामायण झालंच नसतं. पण पुलाजवळ बांधकामाचं सामान न्यायला तहाची समिती परवानगी देते, आणि या मोसमात ती एकाच कामापुरती मिळणार होती. तीही दोन्ही बाजूंची संमती कागदावर असेल तर.

टाकी की झडप, एवढाच प्रश्न. उत्तर मला येत होतं. खालच्या शहराला जुना तलाव आहे, पाणी गढूळ असलं तरी पाणी आहे. वरच्यांना पंपाशिवाय काही नाही. आमच्या आकडेमास्तरने, म्हणजे जो आमची सगळी गणितं करतो त्याने, स्पष्ट दाखवलं होतं की झडप असो नसो, खालचं शहर तगतं. टाकी नसेल तर वरचं तगत नाही. मी ते वाचून "छान झालंय" असा शेरा मारला होता.

सभेच्या दिवशी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. गेल्या वेळी खालच्या दवाखान्यात नळ आटले तेव्हा लोकांनी त्यांच्या घरावर दगड मारले होते. खिडकीला अजून पुठ्ठा लावलेला आहे. "मॅडम," ते म्हणाले, "वरचे लोक दगड मारायला पूल ओलांडून येणार नाहीत. खालचे रोज माझ्या दारात आहेत. झडपच व्हायला हवी. त्या वरून येणाऱ्या बाई फार चिवट आहेत म्हणतात. तुम्हाला बोलता येतं. बघा काही जमतंय का." आणि मी उठले तेव्हा सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "तुमचं नाव मी या आठवड्यात पाठवतोय." मी म्हटलं, "बघते साहेब." 'बघते' हा आमच्या खात्याचा शब्द. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि दोन्ही असतं.

त्या चिवट बाई म्हणजे आमच्या वहिनी. वरच्या प्रसूतिगृहात नर्स आहेत. वस्तीने एकमताने त्यांनाच पाठवलं होतं.

सभेला त्या आल्या त्या चपला हातात घेऊन. नदीकाठच्या चिखलातून आल्या होत्या, आमची फरशी घाण होऊ नये म्हणून. दारात मला बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला, तोंड उघडलं, आणि मग आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "नमस्कार, मॅडम." इतकं चोख म्हणाल्या, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी "या, बसा बाई" म्हटलं आणि कागद चाळायला लागले. बाई! माझ्या बाळंतपणात महिनाभर माझं अंग चोळलेल्या बाईला मी बाई म्हटलं.

आता खुर्च्यांचं सांगायला हवं, कारण घात त्यांनीच केला. म्हणजे घात मीच केला, खुर्च्या बिचाऱ्या काय करतील.

तहानंतरच्या पहिल्या सभेत एक गवंडी काहीतरी बोलला आणि घरी जाताना त्याला रस्त्यात बडवला. तेव्हापासून मी नियम केला की सभेत माणसांची नावं लिहायची नाहीत. प्रत्येक खुर्चीपुढे पाटी: खालचं शहर, वरची वस्ती, दुकानदार, पाणी खातं. टिपणात फक्त पाटी येणार. खुर्चीवरून बोललेलं ते खुर्चीचं. माणसाला कुणी जाब विचारायचा नाही. सकाळी हजेरीची सही करतानाच सगळे हे मान्य करतात. दुसरी माझीच हौस म्हणजे खुर्चीबदल. अर्धा तास सगळ्यांनी दुसऱ्याच्या पाटीमागे बसायचं आणि त्याच्या वतीने भांडायचं. याने माणसं मऊ होतात. मी एका प्रशिक्षणात शिकून आले होते आणि मला त्याचा भारी अभिमान. दोन्ही नियम चांगले. दोन्ही एकत्र आले की काय होईल, हा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही. चार-चार भविष्यांचा विचार करणारी मी, माझ्याही नाही.

खुर्चीबदलाला चिठ्ठ्या टाकल्या. वहिनींना आली पाणी खात्याची पाटी. मला वरच्या वस्तीची. दुकानदारांचे शेठ खालच्या शहराच्या खुर्चीत बसले आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, "हां, आता मी गरीब जनता." सगळे हसले.

वहिनींनी सुरुवात केली. आधी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग पेन दोनदा टेबलावर आपटलं. मग मान जराशी तिरकी करून म्हणाल्या, "तुमच्या भावना पोचल्या. नोंद घेतलीय. बघू!"

हॉल नुसता फुटला. आकडेमास्तरने तोंडाला रुमाल लावला. कॉम्प्युटरवर टिपण घेणाऱ्या बाईंचे खांदे हलत होते. ती मी होते. हुबेहूब मी. पेन आपटते हे मला त्या दिवसापर्यंत माहीतही नव्हतं. दादा लहानपणी मला ठिणगी म्हणायचा, कारण मी चिडले की आधी कान लाल होतात. ते झालेच असणार, कारण वहिनींनी माझ्याकडे बघून एक क्षण डोळे मिचकावले, जसं घरी करायच्या. आणि मी काय केलं? नजर फिरवली. आता ह्यांना कळेल, आता कुणीतरी विचारेल तुम्ही ओळखता का एकमेकींना, एवढंच माझ्या डोक्यात.

मग वहिनी गंभीर झाल्या आणि पाणी खातं म्हणून बोलल्या. बोलल्या म्हणजे काय, आमची बाजू आमच्यापेक्षा बरी मांडली. "आमच्याकडे सामान एकाच कामाचं आहे. खालच्या दवाखान्यातही माणसंच झोपलेली असतात, त्यांचे नळ आटले तर आम्ही तोंड दाखवू शकत नाही. म्हणून झडप. तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा." त्यांनी माझ्याकडे तळहात केला. बोला, म्हणून.

मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. आम्हाला टाकी हवी. त्यामागचं सगळं मला पाठ होतं: तलाव, पंप, आकडे. काही नाही तर दादाचा पाय होता. त्या खुर्चीत बसून तिथलं दुःख बोलायला माझ्यापेक्षा लायक माणूस त्या हॉलमध्ये एकच होतं, आणि ते समोर माझ्यासारखा चष्मा कपाळावर चढवून बसलं होतं. पण मी चिडलेली. हसले सगळे माझ्यावर, आता समजूतदार माणूस कसा बोलतो ते दाखवते, असं काहीतरी मनात. आणि कोपऱ्यात साहेब, नुसते बघत. मी चष्मा नीट बसवला आणि म्हणाले, "तुमची अडचण आम्ही समजू शकतो. या वर्षी झडप करून घ्या. टाकीचं आम्ही पुढच्या वर्षी बघू."

कुणी हसलं नाही. शेठ म्हणाले, "वा! असे शेजारी हवेत." साहेबांनी टाळी वाजवल्यासारखं केलं आणि टिपण घेणाऱ्या बाईंना म्हणाले, "घ्या हं हे."

मला वाटलं गंमत करतायत. देवाशपथ मला तेव्हा असंच वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं, आणि ते पटवून घ्यायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

जेवणाची सुट्टी झाली. लोक गॅलरीत गेले. मी हॉलमध्ये परत आले तर वहिनी टेबलाभोवती फिरत होत्या आणि लोकांनी अर्ध्या पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरत होत्या. पाव उरलेली, अर्धी उरलेली, बुडाशी घोटभर असलेली, सगळ्या. दारात शेठ उभे, सुपारी चघळत, बघत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तरातरा गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, काय हे? लोक बघतायत. उष्टं पाणी कसलं गोळा करताय?"

"प्यायला नाही हो मॅडम," त्या तशाच हळू म्हणाल्या. "वॉर्डाची फरशी पुसायला. आज आमच्याकडे पंपाची पाळी नाही. सांडूनच देणार ना हे लोक?" आणि एका बाटलीचं झाकण घट्ट करून त्यांनी तीही आत टाकली. ती माझीच बाटली होती.

शेठ गेल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. डोळ्यांत मिश्कीलपणा. "नक्कल जमली ना? तुमच्या दादांनी शिकवली. म्हणाले, पेन आपटायला विसरू नकोस, ठिणगी त्यानेच पेटते." मी हसले नाही. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि तुमचं मला कळलं बरं का. खेळात मुद्दाम हरलात ना? म्हणजे कुणाला शंका नको, ह्या वरच्यांच्या बाजूच्या आहेत म्हणून. हुशार हो तुम्ही! आता खऱ्यात बोललात की कुणी काही म्हणू शकणार नाही."

मी समोरचे कागद उगाच सरळ करायला लागले.

"दादांनी मैदानात चुन्याने गोल आखलाय," त्या म्हणाल्या, "टाकी जिथे येणार तिथे. काठी रोवून, दोरी धरून, पाय ओढत ओढत स्वतः आखलाय. शाळेतली मुलं आता त्यात खेळत नाहीत. चेंडू आत गेला तर वळसा घालून काठीने बाहेर ओढतात. म्हणतात, टाकीत पाय पडेल." त्या हसल्या. "तुम्ही एकदा बघायला या."

"येते," मी म्हटलं. "बघते."

दुपारी सगळे परत आपापल्या पाटीमागे बसले आणि टिपण पडद्यावर वाचायला घेतलं. संमती, हरकती, एकेक ओळ. मग ती आली. 'वरची वस्ती: यंदा झडपेस मान्यता. टाकीचा विषय पुढील वर्षी.' आजूबाजूच्या ओळींसारखीच ओळ. खुर्चीत कोण होतं, खेळ चालला होता की खरं, याचा त्यात मागमूस नाही. नसणारच. तो नियम माझाच.

साहेब म्हणाले, "कुणाची हरकत?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. घाबरून नाही. आता ही बोलणार, अशा नजरेने, स्टेजवर आपलं मूल उभं राहिल्यावर आई बघते तशा. त्यांनी हात वर केला नाही, कारण त्यांना वाटत होतं की हात मी वर करणार आहे. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. सगळा प्यायले, सावकाश.

"नसेल तर पुढे," साहेब म्हणाले.

तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या. "साहेब, एक मिनिट. हे आम्ही नाही म्हटलं. हे मॅडम म्हणाल्या, आमच्या खुर्चीतून. खेळ चालला होता तेव्हा."

"बाई, खुर्चीतून म्हटलं ना? मग ते खुर्चीचंच. नियम सकाळी वाचून तुम्ही सही केलीत. आणि नियम मॅडमनीच केलाय." साहेब माझ्याकडे वळले. सभा मी चालवत होते. टिपणातली ओळ खोडायची की ठेवायची हे सभा चालवणाऱ्याने सांगायचं असतं. "मॅडम, तुम्हीच सांगा. नियमाप्रमाणे बरोबर आहे ना?"

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे. आकडेमास्तर खाली बघत होता, त्याला आकडे माहीत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की खोडा, तो खेळ होता. जीभ जड झाली होती असंही नाही. मी आयुष्यात गप्प बसले नाही कधी. भाजीवाल्याशी भांडते, रिक्षावाल्याशी भांडते, घरात तर विचारू नका. त्या दिवशी मूग गिळून बसायचं मला नेमकं जमलं. बसले असते तरी एक वेळ ठीक. मी मान हलवली. वर म्हणालेही, "नियमाप्रमाणे... हो. खुर्चीचं ते खुर्चीचं."

वहिनी खाली बसल्या. पुढचे मुद्दे झाले, सह्या झाल्या. त्यांनी हजेरी सोडून कशावरच सही केली नाही, पण नियमाप्रमाणे त्याची गरजही नव्हती. मग त्यांनी पिशवी उचलली, दाराशी चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडल्या. मी पॅसेजमध्ये त्यांच्यामागे गेले. तिथे चिटपाखरू नव्हतं. मी हाक मारली, "वहिनी."

त्या थांबल्या, वळल्या आणि अदबीने म्हणाल्या, "बोला, मॅडम."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तशीच उलटी फिरले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसले, दार न वाजवता. "साहेब, ती ओळख... ती ओळ खोडा. ती माझी सख्खी वहिनी आहे. माझा भाऊ वर राहतो. पायात गोळी बसलीय त्याच्या. मी खोटं बोलले, मी आजवर सगळ्यांशी खोटं बोलले. वरच्यांनी संमती दिलेली नाही, ती मी दिली."

मला वाटलं ते चिडतील. मी त्याची वाट बघत होते, खरं सांगते, कुणीतरी मला ओरडायला हवं होतं. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"काय सांगता! अहो मग तर उत्तमच झालं की. उद्या समितीत कुणी म्हणालं, खालच्या बाईने वरच्यांच्या नावावर संमती वदवली, तर आपल्याकडे उत्तर आहे. बाई वरच्यांच्याच घरातल्या होत्या." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "बसा, दम लागलाय तुम्हाला. टिपण गेलं समितीकडे. तुम्ही मान हलवलीत, सह्या झाल्या, तसं पाठवलं."

मी बसले नाही. धावत सुटले. या वयात, साडी वर धरून, भर रस्त्याने. लोक वळून बघत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचं काही वाटत नव्हतं. दादाला मी स्वतः सांगणार होते. त्याच्या पायाशी बसून सांगणार होते, मग त्याने काठी घालू दे डोक्यात.

वहिनी पुलावरच्या आडव्या दांड्यापाशी पहारेकऱ्याला पिशवी उघडून दाखवत होत्या. त्याने बाटल्या बघितल्या, एक हलवून बघितली आणि परत ठेवली. मी धापा टाकत पोचले. "थांबा वहिनी, मी येते. दादाला भेटायचंय मला."

पहारेकऱ्याने हात आडवा केला. "परवाना?"

"परवाना नाही. नात्यातली आहे. नणंद आहे मी ह्यांची." केवढ्यांदा म्हणाले मी ते! ऑफिसातल्या जिन्यात जे कुजबुजायची चोरी होती, ते पुलावर ओरडून सांगितलं.

तो वहिनींकडे वळला. "खरं का, सिस्टर? तुमच्या आहेत ह्या?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. घामाने भिजलेला चेहरा, सुटलेले केस, कपाळावर चढवलेला चष्मा. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणजे राग नुसता नव्हता, एवढं मला दिसलं. त्यांनी पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"नाही हो," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या. "मॅडम आहेत त्या. पाणी खात्यातल्या."

मग मला, हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तशा म्हणाल्या, "दादांना मी सांगते. तुम्ही नका येऊ. त्यांना तुमच्या तोंडून ऐकवणार नाही." जायला वळल्या, परत थांबल्या. "आणि मुलांना म्हणते, खेळा आता त्या गोलात."

दांड्याखालून वाकून त्या पलीकडे गेल्या. पलीकडे गेल्यावर त्यांनी चपला पायात घातल्या. पुलाच्या मध्यापर्यंत मला त्या दिसत होत्या, मग चढ लागतो.

"मॅडम," पहारेकरी म्हणाला, "जरा मागे सरा. दुसऱ्यांना जायचंय."